उघडं दार

वर्गाचं दार लागलं, तशी तिसरीतली शर्वरी कडीकडे धावली. शेजारच्या मुलानं अडवलं, तर त्याच्या हाताला कडकडून चावली.

"आता दाखलाच देतो हिचा," म्हणत मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. ती लोकांकडची धुणीभांडी अर्धवट सोडून आली. आल्या आल्या तिनं लेकीवर हात उगारला.

वर्गशिक्षिका कुंभोजकर बाईंनी तो हात धरला. "घरीही दार लावलं की अशीच करते का?"

आई घुटमळली. "सकाळी कामावर जाताना बाहेरनं कडी लावते, बाई. दारातच हायवे हाय, काय करू? आधी रडायची. आता मी येईस्तोवर दाराला लाथा घालते."

"उद्यापासून जाताना हिला माझ्या घरी सोडा. आणि सर, दाखला नको. माझ्या वर्गाचं दार उघडंच राहील."

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं. रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते, मुलांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शर्वरी उठून उंबऱ्यापर्यंत गेली. बाई तिच्यावर नजर ठेवून होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही. बाहेर डोकावून ती आपणहून जागेवर येऊन बसली.

थोड्या वेळानं ती पुन्हा उठली. बाई पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहिल्या.