सुनेची चौकशी

उन्नतीला मालदीवच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. कामाच्या व्हिसासाठी आता एकच कागद अडला होता, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. त्याच्या चौकशीला हवालदार कळंबला घरी आले आणि त्यांनी नेमकं ओट्यावर मासळी निवडत बसलेल्या सासूलाच विचारलं, "आजी, सून कशी आहे तुमची?"

सासूबाईंना, म्हणजे जयवंतीबाईंना, उन्नतीचं जाणं मुळीच मंजूर नव्हतं. महिनाभर त्या तिच्याशी धड बोलल्याही नव्हत्या.

"सून?" जयवंतीबाईंनी सावकाश हात धुतले. "माझा पाय मोडला तवा तीन महिने लेकरासारखं न्हाऊ घातलं हिनं मला. रात्रपाळी करून यायची नि चहाच्या आधी माझ्या उशाशी बसायची. साऱ्या आळीत कोनाला ताप येवो, हाक हिलाच. कोनाचं वाईट चिंतलं नाय कदी."

उन्नतीचे डोळे भरून आले. लग्नाला सात वर्षं झाली, पण यातलं अक्षर तिच्या कानी पडलं नव्हतं.

"म्हनून सांगते साहेब," सासूचा आवाज कापला, "अशी पोर परक्या देशात धाडायची असते काय? तुमी सही करू नका."

"आजी, सून चांगली आहे, एवढंच मला लिहायचं होतं," हवालदार हसून उठले. "लिहिलं. मिळेल दाखला."

जयवंतीबाईंनी उन्नतीचं मनगट घट्ट धरलं.

"मग खोडा ते! लय भांडखोर हाय ती."