कोरडा खोकला

खोकला आला आणि बाळ उठलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. मांडीवरच्या जेमतेम मिटलेल्या पापण्या पुन्हा उघडल्या, तसं तिने समोरच्या बंद दाराकडे असं पाहिलं, की लाकूड असून ते पेटलं कसं नाही याचंच नवल.

दारामागे नवरा होता. घरांचे नकाशे काढायचं त्याचं काम घरूनच चाले, आणि बाळ आल्यापासून त्याने टेबल आपल्या वडिलांच्या रिकाम्या खोलीत हलवलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि पाठोपाठ हा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. नुसतं खक् खक्, कुणीतरी रिकामा डबा वाजवत बसावं तसं. मध झाला, वाफ झाली, छातीचा फोटोसुद्धा झाला. खोकला तिथल्या तिथे.

तिने दार ढकललं. "तू गच्चीवर जाऊन खोकत जा ना!"

"तो सांगून येतो का गं? सांगून आला असता तर मीच आधी पळालो असतो."

"मग उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जायचं. नाहीतर मी बाळाला घेऊन माहेरी जाते, आणि तू बस खोकत."

वळताना तिचा पाय उंबऱ्याजवळच्या पेल्याला लागता लागता राहिला. कोमट पाणी, वर बशीचं झाकण. सासूबाई ठेवून जात, दिवसातून दोन-तीनदा. गंमत अशी, की मुलगा बाहेर आला तर त्या त्याला ओळखत नसत. "भाडेकरू सज्जन आहेत हो आपले," असं त्याच्यादेखतच सुनेला सांगत. तो हसून "बरं आहे ना काकू?" म्हणे आणि आत जाऊन बराच वेळ पेन्सिल हातात घेत नसे. पण पाणी मात्र चुकत नसे. सगळं पुसलं गेलं तरी लेकाच्या खोकल्यापुरती आई शिल्लक राहिलीय, या विचाराने तिचा राग अर्धा उतरे.

तशा सासूबाई आता पुष्कळ सावरल्या होत्या. मागच्या वर्षी त्यांचे हाल बघवत नव्हते. सासरे जाऊन वर्ष उलटलं तरी त्या दारात उभ्या राहत. "हे कुठे गेलेत?" खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळत. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच कोसळणं. शेवटी खरं सांगायचा धीर कुणाला होईना. "येतील," एवढंच म्हणायचं आणि हाताला धरून ताटावर बसवायचं. मग मुलाच्या रक्तदाबाच्या वेळीच डॉक्टरांनी आईलाही तपासलं, त्यांना एक नवी गोळी दिली आणि आठवड्याभरात प्रश्न थांबला. जेवण सुधारलं. दुपारी डोळाही लागू लागला. फोनवर नातेवाइकांना ती हौसेने सांगे, "गोळीने जादू केली बघा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याच्या छातीला नळी लावली आणि हसले. "हा खोकला छातीतला नाही, गोळीतला आहे. काही जणांना होतो असा. आधीच नाही का यायचं? दुसरी गोळी देतो, दोन-तीन आठवड्यांत जाईल."

"म्हणजे चार महिने हा माणूस गोळी खोकतोय?" ती म्हणाली. परतीच्या वाटेवर दोघं पोट धरधरून हसली. कितीतरी दिवसांनी.

खोकला विरत विरत गेला आणि एक दिवस थांबला. त्या दुपारी बाळ सलग दोन तास झोपलं. तिला आधी धास्तीच वाटली. दोनदा जाऊन तिने त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. मग तीही आडवी झाली. बाळंतपणापासून इतकं शांत घर तिने अनुभवलंच नव्हतं.

सासूबाईंचं मात्र काहीतरी बिनसलं. ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. त्या बंद दारापाशी खुर्ची ओढून बसून राहत, मान एका बाजूला कललेली. उठवायला गेलं तर बोट ओठांवर ठेवत.

"आईंच्या गोळीचा गुण ओसरला वाटतं," ती नवऱ्याला म्हणाली. "वाढवून घेऊ या." तिने डॉक्टरांची वेळही घेतली.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी बाळाला थोपटून ती उठली, तर सासूबाई तिच्या खोलीच्या दारात उभ्या. केस विंचरलेले. चेहरा स्वच्छ. कित्येक महिन्यांनी त्यांनी तिच्याकडे ओळखीने पाहिलं.

"सूनबाई, त्या खोलीतून खोकला येत नाही गं आता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "खोकत होते तोवर मी निर्धास्त होते. माणूस आत आहे, एवढं कळायचं. हे गेले ना?"

"येतील," हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. ती बंद दाराकडे बघत राहिली.

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नकोस. मोठ्याने नाही रडायची मी. बाळ झोपलंय तुझं."