मातीवरची खूण

“खूण पुसली! चोर आहे ती, चोर!”

प्रेक्षकांतून आवाज आला आणि पाठोपाठ सगळा स्टँड पेटला. “चोर है! निशान मिटा दिया! बेईमान!” पत्र्यावर बूट आपटू लागले. शेंगांच्या पुड्या हातात धरून दुपारभर उन्हात बसलेली क्लबातली सभ्य माणसं एकाएकी उठून उभी राहिली.

नेत्रा नेटपाशी थिजली. तिचा फटका अंतराला चकवून बेसलाइनवर पडला होता. लाइनमनने तो बाहेर दिला. अंपायर उंच खुर्चीवरून उतरून मातीत उठलेली चेंडूची खूण बघायला निघाले. तेवढ्यात अंतरानेच वाकून पाहिलं आणि बुटाने खूण पुसून टाकली. मातीच्या कोर्टावर याचा अर्थ एकच: चेंडू आत होता, मला मान्य आहे, पॉइंट तुझा. शेवटच्या सेटमध्ये पाच-पाच अशी बरोबरी होती, जिंकणारीला राज्याच्या संघात जागा मिळणार होती, आणि ही पोरगी हातातला पॉइंट देऊन मोकळी झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टीव्हीवर यंत्राचा निकाल बघायची सवय लागलेल्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलीने पुरावा पुसला.

अंपायरांनी पॉइंट नेत्राला दिला, पण ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. नेत्राने हात वर करून घसा फोडून सांगितलं, “उसने पॉइंट मुझे दिया है!” लोकांना तिचे हातवारे तेवढे दिसले. बिचारी न्याय मागते आहे असं समजून ते आणखी चेकाळले.

अंतरा तेलीबाग वस्तीतली. तिचे वडील हरिहर याच क्लबात नोकरीला होते. सभासदांच्या मुलांना चेंडू खेळवायचे, पहाटे कोर्टावर पाणी मारून रोलर फिरवायचे. नेत्रा रॅकेट धरायला शिकली ती हरिहरचाचांकडूनच. आता ते रोलरपाशी उभे होते.

“यही सिखाया है बेटी को, हरिहर?” कोणीतरी वरून विचारलं.

चाचांनी हात जोडले. काय झालं ते त्यांना नेमकं कळलं होतं. पण पगार देणाऱ्यांना खेळ समजावून सांगायचा कसा?

पाण्याची बाटली आली आणि अंतराच्या खांद्याला लागली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिच्या दोन्ही सर्व्हिस नेटमध्ये गेल्या आणि गेम नेत्राला मिळाला. स्टँडमध्ये लोक नाचायला लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर हा नाच! नेत्राला त्या टाळ्यांची किळस आली.

बाजू बदलताना ती अंपायरांकडे गेली. “सर, इनको बताइए ना.”

“मेरी कौन सुनेगा, बेटा? खेलो.”

मग तिने बाबांना शोधलं. लक्ष्मीकांत तिसऱ्या रांगेत बसले होते. बारा वर्षांपूर्वी ते सांगलीहून उत्तरेतल्या या शहरात, इथल्या संशोधन संस्थेत आले. क्लबातलं हे एकुलतं एक मराठी घर, पण ‘डॉक्टर साहब’ म्हणून त्यांच्या शब्दाला केवढा मान! आईला सामन्याचा ताण सोसत नसे, ती घरीच थांबे. बाबांनी मात्र एकही सामना चुकवला नव्हता. सात वर्षांच्या नेत्राला याच मातीत उकिडवं बसवून त्यांनी खूण वाचायला शिकवली होती. “खोटी खूण दाखवून जिंकलीस, तर घरी येऊ नकोस,” असं तेव्हा बजावलं होतं.

बाबा उभे राहून दोन वाक्यं बोलले, तर हे सगळे गप्प बसतील. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी मूठ वळून दाखवली. लढ!

आपलं म्हणणं त्यांना कळलं नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. खोटं कशाला बोला, तिलाही जिंकायचंच होतं.

पुढच्या चार चेंडूंत सगळं आटोपलं. अंतराकडून एकही चेंडू धड परतला नाही. हात मिळवताना नेत्रा म्हणाली, “सॉरी.”

“आपने थोड़े ही कुछ किया, दीदी,” अंतरा खाली बघत म्हणाली.

हरिहरचाचा आणि अंतरा मागच्या फाटकाने स्कूटरवरून निघून गेले. बक्षीस समारंभाला फक्त नेत्रा होती. तिच्या फोटोत सगळ्यांना यायचं होतं.

घरी जाताना बाबा खुशीत होते. सांगलीला तीन फोन करून झाले होते. गोमती नगरच्या सिग्नलला गाडी थांबली. कप नेत्राच्या मांडीवर होता.

घरात बाबा मराठीत बोलत आणि नेत्रा हिंदीत उत्तर देई. आताही तिने हिंदीतच विचारलं, “बाबा, आपने उनको बताया क्यों नहीं?”

“त्या गोंगाटात माझं कोण ऐकणार होतं? अडाणी लोक! खूण पुसली म्हणजे काय, हे तरी माहीत आहे का त्यांना? कोणीतरी एक मूर्ख ओरडला आणि बाकीचे मेंढरांसारखे त्याच्या मागे.”

खूण पुसली. हे शब्द नेत्राने आज आधी एकदा ऐकले होते. ती कपाकडे बघत बसली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. बाबांनी गियर टाकला.

ती बोलली, तेव्हा मात्र मराठीत बोलली.

“तो पहिला माणूस मराठीत ओरडला होता, बाबा.”