ओपल स्टिडमच्या दहा गोळ्या

"बोट बाहेर, मिस ओपल. मी सांगेपर्यंत चापावर जायचं नाही," रॉयस म्हणाला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या ओपल स्टिडमनं शाळकरी पोरीसारखं लगेच बोट सरळ केलं.

पिस्तूल पॉइंट बावीस बोअरचं, बारीक गोळीचं, म्हणजे केवढंसं ते. तरी बाईंनी ते दोन्ही हातांनी असं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली.

रॉयस फ्युगेट दर शनिवारी डोंगराखालच्या आपल्या रानात नवशिक्यांना स्वसंरक्षणापुरतं पिस्तूल चालवायला शिकवायचा. आज शिकणारे दोघंच होते. एक ओपल, दुसरा कोळशाचा ट्रक चालवणारा लॉनी, त्याला त्याच्या बायकोनं पिटाळलं होतं. मागच्या बाकावर ओपलची मुलगी जनेल हाताची घडी घालून बसली होती. ती पहाटे लेक्सिंग्टन शहरातल्या आपल्या घरून निघून खास यासाठी आली होती.

कारण अट तिचीच होती. मागच्या महिन्यात ओपलच्या शेजारच्या घरात चोर शिरले आणि शेरीफची गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून जनेलनं एकच धोशा लावला होता, की आईनं खोऱ्यातलं घर बंद करून आपल्याकडे राहायला यावं. ओपल कसली ऐकतेय! चर्चच्या जेवणात पन्नास माणसांसमोर तिनं ठणकावून सांगितलं, की या घरातून माझी शवपेटीच बाहेर पडेल. शेवटी तह झाला. दिवसभर शिकायचं आणि संध्याकाळी परीक्षा द्यायची. दहापैकी सात गोळ्या आकृतीत बसल्या तर ओपल आपल्या घरी, नाहीतर सामान बांधायचं.

गावात ही अट पोराटोरांनासुद्धा पाठ होती. चार जणांनी रॉयसला गाठून सांगितलं होतं, म्हातारीला सांभाळून घे. पास गोळ्या करतील, मी कोण करणार, असं तो म्हणाला खरा. पण मनातून त्यालाही तेच हवं होतं. ओपलच्या दिवंगत नवऱ्याबरोबर त्यानं वीस हिवाळे हरणांमागे घालवले होते. त्या घराला कुलूप लागलेलं त्याला बघवलं नसतं.

पहिली गोळी सुटली. मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडाली.

"एवढंच?" ओपल म्हणाली.

"म्हणून तर बावीस. पहिल्याच दिवशी मोठं पिस्तूल हातात दिलं की माणूस डोळे मिटून चाप ओढतो."

डोळे तर लॉनीनं बावीसलाच मिटले होते. एवढा आडदांड गडी, पण दर गोळीला खांदे कानापर्यंत जात होते. ओपल त्याला म्हणाली की बाबा रे, तुझ्या घरी चोर आला तर तूच बायकोच्या मागे लप. लॉनी स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसला आणि मग वातावरणच बदललं.

ओपलला तर चेवच चढला. पाय असे ठेवू का, श्वास कधी सोडू, असं विचारून विचारून तिनं रॉयसला भंडावून सोडलं. पहिल्या दहात तीन बसल्या, मग सहा, आणि जेवणाआधीच्या दहात चक्क नऊ. लॉनीनं टोपी हवेत उडवली. जनेलसुद्धा नकळत बाकावरून उठून उभी राहिली आणि मग पुन्हा खाली बसली. रॉयसला इतका आनंद झाला की तो शिट्टी वाजवतच सँडविचं काढायला गेला.

जेवताना जनेलच्या फोनवर तिच्या लेकीचा, मेसीचा, आजीसाठी निरोप आला: मॅमॉ, जिंकून ये. ओपलनं तो चष्मा लावून दोनदा वाचला. मेसी अजून शाळेतून रिकाम्या घरात येते का, असं तिनं विचारलं. जनेल म्हणाली, येते, काय करणार, माझी ड्यूटी सहापर्यंत. ओपलनं फोन परत दिला आणि लेक्सिंग्टनला शिव्या घालायला सुरुवात केली. तिथे म्हणे भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जनेलनं अर्धं सँडविच तसंच ठेवलं.

चार वाजता रॉयसनं नवे कागद लावले. पांढरा कागद, मधोमध माणसाची काळी आकृती, अंतर दहा पावलं. लॉनीच्या कशाबशा सात बसल्या, तो नाचायचाच बाकी होता. मग ओपल उभी राहिली. तिचे हात स्थिर होते. एकामागून एक दहा गोळ्या, मध्ये घाई नाही की थांबणं नाही. असा ठेका त्यानं नवशिक्याचा कधी ऐकला नव्हता.

पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवल्यावर त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. काळी आकृती कोरी होती. त्यानं काचा पुसून पुन्हा आकृतीवरच नजर फिरवली.

"एकही नाही," तो म्हणाला.

जनेलनं आईला मिठी मारली आणि रडायलाच लागली. ती म्हणाली, असू दे आई, मरू दे ती अट, तू तुझ्या घरीच राहा.

रॉयस घाईघाईनं म्हणाला, "हात दमले असतील, मिस ओपल. जरा बसा, मी आणखी दहा देतो. आपल्यातच राहील."

"नको," ओपल म्हणाली. "अट सगळ्या गावाला माहीत आहे. आता मी नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? जनेल, गाडी काढ."

पुढे बोलायला तिनं कुणाला जागाच ठेवली नाही. स्वतःवरच चडफडत रॉयस दहा पावलं चालून गेला आणि कागद काढायला त्यानं हात वर केला.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, कोऱ्या पांढऱ्या जागेवर, मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखाली सहज मावतील अशी दहाच्या दहा भोकं होती.