आधी बैल
भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरच्या वाचनालयात आपली कथा वाचण्यात राजशेखरचा फायदाच होता: शाल, पेपरात फोटो आणि संमेलनाचं बोलावणं. त्याच्या कथेतला बाप भूकंपात पडलेल्या घरातून आधी बैल सोडवतो, मग हाका मारणाऱ्या लेकीकडं वळतो. पुण्याच्या परीक्षकांना बैलांत प्रतीक दिसलं आणि बक्षीस मिळालं. वाचन संपताच म्हातारा रेवणप्पा उठला. "तुला कुणी सांगितलं रं? तवा तिथं म्या एकटाच व्हतो." "काका, सगळं मनानं रचलंय," राजशेखर हसला. रेवणप्पा खाली बसला. शेजारीच त्याची बायको नीलम्मा होती. भूकंपाच्या रात्री ती माहेरी होती. पोरगी झोपेतच गेली, ही नवऱ्याची गोष्ट तिनं खरी मानलेली. तिनं लेखकालाच विचारलं, "लेकरा, तुझ्या गोष्टीत पोरगी कवापर्यंत हाका मारती?" "उजाडेपर्यंत," राजशेखर खुशीत म्हणाला. शब्द त्याला फुकट सुचला होता. किंमत नीलम्मानं मोजली.