उपाय

नंदुरबारच्या कॉलेजात हवामानबदलावर बोलायला पुण्याहून एक ताई आल्या होत्या. समुद्र कसा चढत चाललाय हे दाखवून त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "समजा, तुमचं गाव पाण्याखाली गेलंय. घर, शेत, देव, सगळंच. कसं वाटतं?"

सगळ्यांनी डोळे मिटले. ब्राह्मणपुरीच्या हर्षदाला तर रडूच फुटलं. "माय वं, मन्हाकडून इचारबी व्हत नही," ती शेजारच्या इंदूच्या कानात पुटपुटली.

इंदू वसावे नर्मदाकाठच्या मणिबेलीची. सुट्टीत ती घरी जाते तेव्हा बोट तिच्या आजाच्या बुडालेल्या घरावरून जाते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अंगणातल्या वाळक्या चिंचेचा शेंडा तेवढा वर दिसतो. आज हे सांगायचंच, असं ठरवून ती उभी राहिली.

तिच्याकडे बघून ताई हसल्या. "घाबरू नकोस गं, यावर उपाय आहे."

त्यांनी पडद्यावर पुढचं चित्र आणलं.

"आपल्या नर्मदेवर बांधलंय ना, तशी मोठमोठी धरणं! धूर नाही, कोळसा नाही, नुसती स्वच्छ वीज." वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि इंदू न बोलताच खाली बसली.