छबूचं विरजण

गौरी शाळेतून धावतच घरात आली. "आई, तू डब्यात दिलेलं दही आज बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दावलं! लई बारीक जीव हायत त्यात, काड्यांवानी. एकाचे दोन, दोनाचे चार हुत्यात. आजच्या दह्यातले म्हंजी कालच्या विरजणातल्यांचीच लेकरं!"

दुधाला विरजण लावता लावता छबूचा हात थांबला. अणदूरहून सासरी निघताना आईनं विरजणाची वाटी दिली होती. रोजच्या दह्यातलं थोडं राखत तेच विरजण छबूनं आजवर मोडू दिलं नव्हतं. मागं आई गेली, भाऊ गेला, अणदूरच्या घराला कुलूप लागलं.

हातातल्या वाटीकडं ती डोळे मोठे करून बघत राहिली.

"गौरे, उद्या मी बी येते शाळंत. बाईंना सांग, आईला तिची माहेरची माणसं बघायचीत."